दशरथ हिरोचा साकव

सायवनचा बाजार मागे टाकून आमच्या पाड्याकडे निघालं की एका ऐनाच्या झाडाशी डांबर संपतं. तिथून पायवाट. पायवाट खाली ओहोळात उतरते आणि ओहोळाच्या पलीकडे, सागाच्या उतारावर आमची घरं. उन्हाळ्यात या ओहोळात म्हशी बसतात आणि बायका खड्डा करून हंडा भरतात. तेव्हा बाहेरचा माणूस बघून म्हणतो, यात काय आहे, चार ढांगांत पलीकडे. पावसाळ्यात त्याने यावं. तेव्हा अलीकडचा माणूस पलीकडच्याशी हातवारे करून बोलतो, कारण पाण्यापुढे माणसाचा गळा चालत नाही.

या ओहोळावर साकव व्हावा, माणूस चालत जाईल एवढा, दोन माणसं आजाऱ्याची झोळी घेऊन जातील एवढा. दशरथ वरखंडेने राजकारणात जाऊन मागितली ती एवढी एकच गोष्ट. त्याची ही हकीकत आहे. तो मोठा माणूस नव्हे. पण डहाणूपासून तलासरीपर्यंतच्या रानात त्याचं तोंड ओळखत नाही असं घर सापडणार नाही, आणि हे आम्ही अभिमानाने सांगतो. तोंड आमच्याच पाड्याचं होतं ना.

पोरवयात तो वाणगावकडे चिकूच्या वाडीत कामाला जायचा. लांब काठीला जाळी लावलेली, तिने वरचा चिकू हलकेच ओढायचा, देठ तुटला पाहिजे, फळाला धक्का नको. दिवसभर मान वर. त्यामुळे असेल, पण दशरथची मान नेहमी ताठ असायची आणि चालताना तो पुढच्या झाडाकडे बघतोय असं वाटायचं. रंग काळा, तुकतुकीत. दात पांढरे. केस कपाळावर येऊ द्यायचा. आमच्या लग्नात तारप्याच्या सुरावर नाचायला उभा राहिला की बायका एकमेकींना कोपर मारत.

अशाच एका लग्नात त्याला परेशने बघितलं. परेश तलासरीचा गुजराती. हायवेजवळ त्याचं मोबाइलचं आणि सीडीचं दुकान, आणि लग्नाचं शूटिंग करायचा धंदा. त्याच्या डोक्यात बरेच दिवस एक गोष्ट घोळत होती: आपल्या लोकांच्या बोलीत, आपल्या रानात, गाण्यांचीच फिल्म काढायची. कॅमेरा त्याच्याकडे होता. हिरो नव्हता.

"गाता येतं?" परेशने विचारलं.

"नाय."

"नाचता तर येतं, ते बघितलं मी. डायलॉग?"

"कसला डायलॉग?"

"बस, बस. नको येऊ दे. डायलॉग आला की लोक पान खायला उठतात. गायला माणूस आहे माझ्याकडे. तू फक्त ओठ हलव."

गायला माणूस म्हणजे वाणगावचा विनोद. बुटका, पोट सुटलेला, लग्नाच्या बँडवर गाणारा. पण आवाज! मोहाची फुलं सकाळी गळून पडलेली असतात आणि सगळं रान गोड होतं, तसा आवाज. परेश विनोदला एका खोलीत बसवून गाणी भरून घ्यायचा. मग टेम्पोत मोठा स्पीकर घालून शेतात न्यायचा, गाणं लावायचा, आणि दशरथ त्या स्पीकरसमोर नाचत नाचत ओठ हलवायचा. बैल बुजायचे. बांधावर गाव जमायचं.

पहिल्या फिल्ममध्ये नऊ गाणी होती आणि बोलणं जवळजवळ नव्हतंच. त्यातलं एक गाणं आमच्याच ओहोळावर काढलं. अलीकडे दशरथ, पलीकडे लाल पोलक्यातली पोरगी, मध्ये भादव्याचं पाणी. 'पाणी आडवं, तू पल्याड' असं ते गाणं. दशरथ एका दगडावरून दुसऱ्या दगडावर उडी मारतो, हात लांब करतो, हात पोचत नाही. ते बघून पोरांनी शिट्ट्या मारल्या, म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. आधी सीडीवर, मग मोबाइलच्या कार्डात, मग नुसतं बोट लावलं की दिसायला लागलं. हळदीला ते गाणं वाजल्याशिवाय डीजेवाल्याला लोक घरी जाऊ देत नसत. पुढे परेशने बऱ्याच फिल्मा काढल्या, दशरथ सगळ्यांत होता, पण लोकांनी धरून ठेवलं ते पाण्याचं गाणं.

दशरथचा स्वतःचा आवाज बारीक होता. थोडा घोगरा, आणि घाई झाली की फाटायचा. त्याची बायको रूपी म्हणायची, "दुनियेत गातो आणि घरात मीठ मागायला लागला की वाटतं कोंबडं अडकलं कुठं." दोघं हसायची. तेव्हा हसण्यासारखं होतं.

बाहेर मात्र त्याला कोणी बोलू देत नसे. मासे घ्यायला गेला तरी कोळीण म्हणायची, "हिरो, एक कडवं म्हण, मग बोंबील देते." तो सांगायचा, "बाय, मी नाय गात. तो वाणगावचा विनोद गातो. मी ओठ हलवतो." त्यावर ती टोपलीवर हात ठेवून हसायची. "मोठा झालास म्हणून भाव खातोस काय रे?" खरं सांगितलं तर लोकांना राग यायचा. मग त्याने सांगणं सोडलं. हसायचा आणि पुढे जायचा.

राजकारण त्याच्या दारात चालत आलं. पंचायत समितीची निवडणूक होती. तालुक्यातला एक पुढारी, देवेशशेठ, पांढऱ्या गाडीतून ऐनाच्या झाडापर्यंत आला, तिथून घाम पुसत ओहोळ ओलांडून पाड्यावर आला, आणि खाटेवर बसून म्हणाला, "दशरथ, तू उभा राहा. तुला घरोघरी फिरायचीसुद्धा गरज नाही. तुझं तोंड आधीच घरोघरी आहे."

तेव्हा बुधी बोलली. बुधी म्हणजे त्याच्या शेजारची म्हातारी. तिचा नवरा एका पावसाळ्यात तापाने फणफणला होता, आणि पाणी उतरायची वाट बघत पाड्यावरच गेला.

"उभा राहतोस तर साकव माग," ती म्हणाली. "बाकी काय मागू नको. एक माग, पण घे."

"मिळेल ना शेठ?" दशरथने विचारलं.

"साकव? अरे, साकव म्हणजे काय मोठी गोष्ट," देवेशशेठ म्हणाला. पायजमा त्याचा गुडघ्यापर्यंत भिजलेला होता, त्यामुळे आम्हाला ते खरं वाटलं.

प्रचार कसा झाला ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं. टेम्पोवर स्पीकर, स्पीकरवर विनोदचा आवाज, टेम्पोत दशरथ उभा, हात हलवतोय, ओठ हलवतोय. मागे पोरं धावतायत. दोनतीनदा त्याने माइक हातात घेतला. "भावांनो, आमच्या ओहोळावर..." एवढं म्हणेपर्यंत देवेशशेठने माइक काढून घेतला. "भाषण मी करतो. तू दिसत राहा." तो दिसत राहिला. आणि असा निवडून आला की समोरच्या माणसाने दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला.

समितीच्या पहिल्या सभेला तो नवा पांढरा शर्ट घालून गेला. आदल्या दिवशी रूपीला समोर बसवून बोलायची तयारी केली होती. कागद नको म्हणाला, पाठ केलं. त्याची पाळी आली, तो उभा राहिला, आणि पहिल्याच ओळीला आवाज फाटला. सभागृहात क्षणभर कोणाला कळेना. हा आवाज कुठून आला? मग मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "हिरो, घसा बसला काय? आधी एक गाणं होऊ दे, म्हणजे सुटेल!" सगळे हसले. वाईट मनाने नाही. चहा देणारा पोऱ्यासुद्धा हसला. दशरथने साकव मागितला. 'नोंद घेतली' असं उत्तर मिळालं, आणि सभा पुढच्या विषयावर गेली.

असं पुढे दर सभेला. तो उठला की लोकांच्या चेहऱ्यावर हसू यायचं, गाण्याची ओळ ऐकायला बसल्यासारखे बसायचे, आणि तो बोलू लागला की मोबाइल काढायचे. एकदा मोजणीला साहेब आला. तरुण होता, चांगला होता. ओहोळात उतरला आणि ओरडला, "अहो, हाच तो ना? गाण्यातला?" त्याच दगडावर उभा राहून त्याने आपला फोटो काढायला लावला. मग टेप लावून मापं घेतली. जाताना दशरथला म्हणाला, "खरं सांगू, पूल झाला तर ह्या जागेची मजा जाईल."

दशरथने त्याला चहा पाजला. काय करणार?

फाइल वर गेली. घरं कमी आहेत म्हणून खाली आली. पुन्हा गेली. जमीन जंगलखात्याची आहे म्हणून अडली. तो कागद मिळवला तेव्हा वर्ष बदललं आणि साकवाचा दर बदलला. दशरथ तालुक्याच्या ठिकाणी बाकावर बसून राहायचा. आतला माणूस बाहेर येऊन विचारायचा, "कोण, हिरो? बसा, बसा. माझ्या मुलीचा वाढदिवस आहे, एक व्हिडिओ करून द्या ना शुभेच्छांचा." तो करून द्यायचा. रूपी विचारायची, "काय झालं?" तो म्हणायचा, "शुभेच्छा दिल्या."

मुदत संपत आली तेव्हा मुंबईहून एक मंत्री तलासरीला येणार अशी बातमी आली. हायवेजवळच्या मैदानावर कार्यक्रम. देवेशशेठने दशरथला बोलावलं. "तुझं पाण्याचं गाणं ठेवलंय. विनोदचा ट्रॅक लावू. साहेबांना फार आवडतं असलं."

"मी ओठ नाय हलवणार."

"म्हणजे?"

"म्हणजे नाय हलवणार. मला साकव मागायचाय. गाणं झालं की टाळ्या होतात आणि माणूस उठून जातो. मला माहीत आहे."

"अरे, मग स्टेजवर काय करणार तू? उभा राहणार?"

दशरथने थोडा विचार केला. "तारपा आणतो," तो म्हणाला.

इथे आमच्या तारप्याचं थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. भोपळ्याचा, बांबूचा, ताडाच्या पानांचा तो तारपा. वाजवणारा मध्ये, नाचणारे एकमेकांच्या कमरेला हात घालून त्याच्याभोवती. तारपा जिकडे वळेल तिकडे नाच वळतो. आणि तारप्याला पाठ कोणी दाखवत नाही. वाजवणारा स्वतः तारपा ओठांवरून काढत नाही तोवर साखळीतून कोणी सुटून जात नाही, घरात काय का असेना. हे कुणी कुणाला शिकवत नाही. चालायला लागलेल्या पोरालाही ते कळतं.

दशरथला वाटलं, एवढा मोठा माणूस एकदा साखळीत घेतला की सुटणार नाही. तारपा थांबेल तेव्हा तो आपल्या शेजारी उभा असेल, त्याचा हात आपल्या कमरेवर असेल, आणि तेव्हा मागता येईल. टाळ्यांच्या आधी. माइकशिवाय. माणसाने माणसाला मागावं तसं.

तो सुक्याकडे गेला. सुक्या आमचा तारपावाला, वयाने मोठा, दात पडलेले, पण श्वास अजून बैलासारखा.

"काका, फार लांबवू नको," दशरथ म्हणाला. "साहेब आला साखळीत की थोडं फिरव आणि थांबव."

"तारपा काय घड्याळावर वाजतो?" सुक्या म्हणाला. "धरला की धरला. त्याचं संपेल तेव्हा संपेल."

"साकवासाठी, काका."

सुक्याने चिलमीची राख झटकली. "बघतो," एवढंच म्हणाला.

भात घरात आलं होतं, कडाक्याची थंडी नव्हती. आम्ही सगळे टेम्पो भरून तलासरीला गेलो. रूपी आली, बुधी आली. बायकांनी गुडघ्यावर नेसलेली लुगडी, डोक्यात फुलं. दशरथच्या हातात घुंगरांची काठी, म्हणजे नाच पुढे नेणारा तो. ती काठी आमच्यात ज्याच्या त्याच्या हातात देत नाहीत. सकाळपासून मैदानात उभे होतो. मंत्री आले तेव्हा ऊन कलतं झालं होतं.

सुक्याने तारपा लावला. मैदानावर स्पीकरची एवढी खरखर चालली होती, ती विरली. पायांची धूळ उडाली. देवेशशेठने साहेबांना हाताला धरून आणलं, साहेब हसले, आणि खरंच साखळीत आले. दशरथच्या शेजारी. त्यांचा हात दशरथच्या कमरेवर पडला. घाम आलेला, मऊ हात. फोटोवाले वाकून वाकून फोटो काढत होते. दशरथ पुढे काठी आपटत होता, छन्, छन्, आणि मनात पहिलं वाक्य धरून होता.

थोडा वेळ झाला. साहेबांच्या माणसाने बाहेरून घड्याळ दाखवलं. साहेबांनी कमरेवरचा हात काढला, सगळ्यांना नमस्कार केला, आणि तारप्याला पाठ करून सरळ गाडीकडे चालायला लागले.

त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं असतं हे आम्हाला सुचलंच नव्हतं.

तारपा चालू होता. सुक्याचे डोळे मिटलेले, तो स्टेजच्या बाजूला वळत होता, आणि त्याच्याबरोबर सगळी साखळी तिकडे वळत होती. गाड्या होत्या दुसऱ्या अंगाला. मी दशरथच्या मागे चौथा होतो. त्याची मान तेव्हा पहिल्यांदा मागे वळलेली मी पाहिली. काठीचा ठेका एकदा चुकला. पुन्हा बसला. मग पुन्हा चुकला. आणि दशरथ सुटला. साखळी तोडून, तारप्याला पाठ दाखवून, काठी हातात तशीच घेऊन तो गाडीकडे धावला. घुंगरं वाजत होती, त्यामुळे लोकांना वाटलं हाही कार्यक्रमच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या, वाट करून दिली.

गाडीची काच अर्धी खाली होती.

"साहेब," दशरथला दम लागलेला, आवाज पार फाटलेला, "साहेब, ओहोळ... आमच्या पाड्याचा साकव..."

"वा, वा! काय सुंदर नाच! जपा हो ही संस्कृती."

"साहेब, साकव."

"हो, हो. निवेदन द्या यांच्याकडे."

दशरथच्या खिशात अर्ज होता, पुढच्या सीटवरच्या माणसाने तो कागद घेतला. काच वर गेली. पाठोपाठच्या गाड्यांची धूळ बसायला बराच वेळ लागला.

तो परत आला तेव्हा साखळी जिथल्या तिथे उभी होती. सुक्याने तारपा ओठांवरून खाली घेतला होता. चाल अर्धीच राहिली होती. इतक्या वर्षांत सुक्याची चाल अर्धी राहिलेली आम्ही ऐकली नव्हती.

"दिला साकव?" सुक्याने विचारलं.

"कागद घेतला."

सुक्या तारपा फडक्यात गुंडाळू लागला. देवेशशेठ धावत आला, "अरे वा दशरथ, काय एन्ट्री, नाही, काय एक्झिट! एकदम फिल्मी!" आणि तसाच दुसरीकडे धावला.

येताना टेम्पोत कोणी गात नव्हतं. उधव्याच्या चढाला दशरथच म्हणाला, "त्या साहेबाने पण पाठ दाखवली. त्याला कोणी काय बोललं नाय."

"त्याला माहीत नव्हतं," बुधी म्हणाली. "तुला माहीत होतं."

"तूच म्हणालीस ना, एक माग, पण घे?"

"म्हटलं. घेतलास?"

त्यानंतर रूपीने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि घर येईपर्यंत काढला नाही.

पाड्यावर त्याला कोणी वाळीत टाकलं नाही. तसं आमच्यात नाही. जेवायला बोलावलं, ताडी दिली, दुखलंखुपलं विचारलं. फक्त पुढच्या लग्नात घुंगरांची काठी त्याच्या हातात कोणी दिली नाही. त्यानेही हात पुढे केला नाही. साखळीच्या शेवटाला जाऊन उभा राहिला.

निवेदनाला उत्तर आलं. कागदावर वर 'नृत्य पथक' असं काहीतरी कोणी लिहिलं असावं, कारण ते कुठल्याशा सांस्कृतिक कार्यक्रमांच्या टेबलावर गेलं होतं. उत्तरात दशरथच्या पथकाला एका महोत्सवाचं आमंत्रण होतं, येण्याजाण्याचा खर्च मिळणार होता. दशरथने ते दोनदा वाचलं आणि हसायला लागला. बराच वेळ हसत होता. रूपीला ते हसणं आवडलं नाही.

मुदत संपली. देवेशशेठ पुन्हा खाटेवर येऊन बसला नाही, फोनवरच म्हणाला, "दशरथ, लोकांना आता नवीन चेहरा पाहिजे. तू समजून घे." परेशनेही नवा हिरो घेतला होता, मनिष नावाचा, झाईकडचा. परेश दशरथला म्हणाला, "अरे भाई, तू का वाईट वाटून घेतोस? तुझ्यासाठी बापाचा रोल ठेवलाय. बापाला पण एक गाणं आहे." दशरथने नाही सांगितलं आणि चिकूच्या वाडीत परत गेला. काठी तीच, मान वर. वाडीवाल्याची पोरं त्याच्याबरोबर फोटो काढायची.

मग गेल्या वर्षीचा पावसाळा. बुधीची सून मुक्ता दिवस भरलेली होती, आणि ओहोळ चढला त्याच सकाळी तिला कळा सुरू झाल्या. आमच्या भागाची आशा सेविका प्रगती, ती पलीकडच्या काठावर छत्री धरून उभी. गाडी ऐनाच्या झाडाशी आली होती. आम्ही घोंगडीची झोळी केली, बांबू घातला. पुढे दशरथ, मागे मी, दोन्ही बाजूंना पोरं दोर धरून. पाणी छातीपर्यंत. दशरथ तोंडाने पाणी थुंकत पुढे पाय चाचपत होता. मुक्ता ओरडत होती, आणि मध्येच ओरडायची थांबली की आम्हाला जास्त भीती वाटायची.

प्रगतीने मोबाइल काढला. तिचं काही चुकलं नाही. झोळी करावी लागली हे वरच्यांना दाखवायला पुरावा पाहिजे असतो, नाहीतर म्हणतात, आधीच का नाही आणली पेशंट. दशरथला मोबाइल दिसला. आणि ओहोळाच्या मध्ये, खांद्यावर बांबू, तो बोलायला लागला. जे त्याला सभेत बोलायचं होतं, मैदानात बोलायचं होतं, गाडीच्या काचेत बोलायचं होतं, ते सगळं. कोण गेलं, केव्हा गेलं, फाइल कुठे कुठे फिरली, बुधीचा नवरा, कोणाची म्हातारी. मी त्याच्या मागे दोन हातांवर होतो आणि मला ऐकू आलं. अख्खं बोलला. कुठेही अडला नाही.

मुक्ता वेळेत पोचली. मुलगी झाली. नाव रुचिका ठेवलं.

प्रगतीने व्हिडिओ वर पाठवला. तिच्या ग्रुपवर गेला, तिथून दुसऱ्या ग्रुपवर. पण त्यात ऐकू काय येत होतं? पाणी. नुसता पाण्याचा घरघराट, आणि दशरथचं तोंड उघडतंय, मिटतंय. दोन दिवसांनी वाडीतल्या एका पोराने दशरथला मोबाइल दाखवला. "दादा, एक नंबर!" व्हिडिओ तोच. पण पाण्याचा आवाज काढून टाकला होता आणि त्यावर विनोदचं गाणं चढवलं होतं, 'पाणी आडवं, तू पल्याड'. दशरथचे ओठ हलत होते. काही ठिकाणी तर शब्दाला शब्द जुळत होता.

तो तसाच काम सोडून तलासरीला गेला. मला बरोबर घेतलं. परेश दुकानात होता, गिऱ्हाईक होतं.

"हे तू केलंस?"

"मीच केलं! अरे हिरो, बस ना. चार लाख लोकांनी बघितलं. तुला विसरलेले सगळे परत आले. हे बघ, लिहिलंय, 'दशरथदादा परत या'."

"परेश, त्यात मी बोलत होतो."

"कळतच नव्हतं ना पण! मी कानाला लावून ऐकलं, देवाशपथ. नुसतं घरघर. मग म्हटलं, फुकट का घालवा एवढा चांगला शॉट." मग दशरथच्या तोंडाकडे बघून तो वरमला. "काढून टाकू? तू बोल, आत्ता काढतो."

दशरथ काउंटरवर हात ठेवून उभा राहिला. गिऱ्हाईक मोबाइलचं कव्हर हातात घेऊन त्याच्याकडे बघत होतं, ओळखायचा प्रयत्न करत होतं.

"काढला तर कोण बघणार?" दशरथ म्हणाला. "वरचा साहेब पण मग कोणी बघणार नाय."

"तेच तर."

"राहू दे. खाली लिही. हे शूटिंग नाय म्हणून लिही. झोळीत बाई होती. आमचा ओहोळ आहे, साकव नाय. पाड्याचं नाव घाल."

परेशने लगेच लिहिलं. मराठीत लिहिलं, गुजरातीतही लिहिलं. आम्ही तिथेच उभे राहून वाट बघितली. खाली लोकांचं लिहिलेलं येत होतं. 'ॲक्टिंग कडक.' 'झोळीवाली हिरोईन कोण आहे?' 'पार्ट टू कधी?' एकाने मात्र विचारलं, 'ही जागा कुठे आली, बघायला यायचंय.' परेश ते वाचायचा आणि दशरथकडे न बघता पुढचं वाचायचा. मग त्याने वाचायचं बंद केलं.

बस उधव्याला आम्हाला उतरवून गेली, पुढे पायी आलो. पाऊस थांबला होता पण डोंगरावर पडत असावा, कारण ऐनाच्या झाडाशी पोचलो तेव्हाच ओहोळाचं पाणी ऐकू येऊ लागलं. काठावर दोन पोरं उभी होती, मुंबईकडची वाटली, नवे बूट, पाठीवर बॅगा. एकाने मोबाइल पुढे केला होता.

"दादा, तुम्हीच ना ते?" तो म्हणाला. "आम्ही तुमचाच स्पॉट शोधत आलो. एकदा पाण्यात उतरता का? फक्त तेवढं."

दशरथने त्याच्याकडे बघितलं, मग पाण्याकडे. पलीकडे रूपी आली होती, हाताने खूण करत होती की पाणी जास्त आहे, थांबा. पण घर पलीकडे होतं. दिवस मावळायला आला होता आणि रात्री पाणी आणखी चढणार होतं.

"धर," दशरथ मला म्हणाला, आणि पावसाळ्यात काठावरच्या झाडाला बांधून ठेवतो तो दोर माझ्या हातात दिला, टोक आपल्या कमरेला बांधलं. त्याने लेंगा वर खोचला. पोरगा खूश झाला, मोबाइल सरळ केला. दशरथ पाण्यात उतरला, गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. त्याने मागे बघितलं नाही, आणि या वेळी तोंडही उघडलं नाही.